परदेशस्थ बंधुजनांसाठीं प्रार्थना : एक अभ्यासपाठ

दूरदेशीं जाऊन कांहीं दिवस शिकविणें व मग स्वदेशीं परत येणें, हें सेवेचें एक स्वरूप आज ख्रिस्ती मंडळ्यांच्या चांगलेंच परिचयाचें झालें आहे. कोणी शिक्षक दोन आठवडे, कोणी दोन महिने एखाद्या परक्या देशांतील मंडळींत राहतो, तेथील तरुणांस शास्त्रपाठ देतो, मुलांस गीतें शिकवितो, आणि सुटी संपतांच पुन्हां आपल्या वर्गावर रुजू होतो. परत आल्यावर उपासनेच्या शेवटीं त्याचें निवेदन होतें, चित्रें दाखविलीं जातात, ऐकणारे आभार मानतात. आणि पुढील पावसाळा येईपर्यंत त्या दूरच्या माणसांचीं नांवेंही कोणाच्या ध्यानांत राहत नाहींत. ह्या पाठांत आम्हांस विचार करावयाचा आहे तो ह्या विसरण्याचा. अल्पकाळच्या शिक्षणानंतर शिकविणाऱ्याकडे व त्यास पाठविणाऱ्या मंडळीकडे कोणतें कर्तव्य उरतें? आमचें उत्तर असें कीं, प्रार्थनेचें कर्तव्य उरतें. तें शिकविण्याहून कितीतरी अधिक काळ चालणारें आहे. आणि तें एकतर्फी नाहीं.

विद्यार्थिमित्रांनो, अंथुर्ण्यासारख्या बारामती-इंदापूर रस्त्यावरील गांवीं राहणाऱ्यास हा विषय प्रथमदर्शनीं फार दूरचा वाटेल. परंतु ह्या विषयाचे दोन मोठे दाखले, एक शास्त्रांतील व एक आपल्या शेजारच्या दौंड तालुक्यांतील, आपण नीट वाचले, तर त्यांतील अंतर बरेंच कमी होईल, असा आम्हांस भरंवसा आहे.

(१) पौलाचे तीन शब्बाथ

प्रेषितांच्या कृत्यांचा सतरावा अध्याय उघडून पाहा. पौल व सीला थेस्सलनीका ह्या शहरीं आले. तेथील सभास्थानांत पौलानें तीन शब्बाथांच्या दिवशीं शास्त्रावरून वाद केला, असें लूक सांगतो. फिलिप्पैच्या मंडळीनें त्यास तेथें एकाहून अधिक वेळां मदत पाठविली होती, ह्यावरून त्याचें वास्तव्य याहून कांहींसें अधिक असावें, असें अनेक अभ्यासक म्हणतात. तरीही तें अल्पच होतें. शिक्षण पुरें होण्याच्या आंतच शहरांत दंगल झाली, यासोनाच्या घरावर जमाव चालून गेला, त्याच्याकडून जामीन घेण्यांत आला, आणि बंधुजनांनीं रात्रींच पौल व सीला ह्यांस बिरुयास रवाना केलें.

म्हणजे शिक्षक गेला, आणि नवे विश्वासणारे संकटांत राहिले. पौलास परत जातां येईना. पुढें अथेनै येथें त्यास राहवेना, म्हणून त्यानें तीमथ्यास विचारपूस करण्यास पाठविलें. आपले श्रम व्यर्थ तर गेले नसतील ना, ही भीति त्यानें लपविली नाहीं. तीमथ्य चांगली बातमी घेऊन आला, आणि मग करिंथाहून, इसवी सनाच्या ५० च्या सुमारास, पौलानें थेस्सलनीकाकरांस पहिलें पत्र लिहिलें. बहुतेक अभ्यासकांच्या मतें आज उपलब्ध असलेल्या पौलाच्या पत्रांत तें सर्वांत जुनें आहे.

ह्या पत्रांतील प्रार्थना काय मागते, तें लक्षपूर्वक पाहावें. तिसऱ्या अध्यायाच्या अखेरीस पौल रात्रंदिवस तीन गोष्टी मागतो : त्यांचीं तोंडें पुन्हां दृष्टीस पडावींत, त्यांच्या विश्वासांत जें उणें राहिलें तें पुरें व्हावें, आणि त्यांची प्रीति एकमेकांविषयीं व सर्वांविषयीं वाढावी. छळ थांबावा हें मागणें ह्या ठिकाणीं नाहीं. त्या छळांत माणसें खंबीर राहावींत, हें आहे. दुसरी गोष्ट अशी कीं, पौल आपलें शिक्षण अपुरें राहिल्याचें जाणून आहे. जे मंडळीचे लोक मरण पावले त्यांचें काय, हा प्रश्न थेस्सलनीकाकरांस सतावीत होता. त्याचें उत्तर चौथ्या अध्यायांत पत्रद्वारें दिलेलें आहे. तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. पत्र संपवितांना हा प्रेषित कांहीं महिन्यांपूर्वींच विश्वासांत आलेल्या ह्या माणसांस विनवितो कीं, बंधूंनो, आम्हांसाठीं प्रार्थना करा. गुरु शिष्यांकडे मागतो! जो देण्यासाठीं गेला होता, तो आतां घेणारा झाला.

(२) एपफ्रासाची झुंज

पौलाहून कमी प्रसिद्ध अशा एका मनुष्याचें उदाहरणही ह्यापुढें ठेवण्याजोगें आहे. कलस्सैकरांस लिहिलेल्या पत्राच्या चौथ्या अध्यायांत एपफ्रासाचें नांव येतें. हा स्वतः कलस्सैचा. त्यानेंच त्या मंडळीस सुवार्ता शिकविली होती. पत्र लिहिलें गेलें त्या वेळीं तो पौलाजवळ, म्हणजे आपल्या गांवापासून दूर होता. शिकवितां येत नव्हतें, भेटतां येत नव्हतें. मग तो काय करीत होता? पौल सांगतो कीं, तो त्यांच्यासाठीं प्रार्थनेंत झुंजत होता. येथें वापरलेला मूळ ग्रीक शब्द खेळांच्या स्पर्धेंतील व आखाड्यांतील आहे. आपल्या भागांतील कुस्तीचीं मैदानें ज्यांनीं पाहिलीं आहेत, त्यांस हा शब्द समजावून सांगण्याची गरज नाहीं. मल्ल एकदां आखाड्यांत उतरल्यावर जोडीदाराचें नांव विसरत नाहीं, त्याची नजर हलत नाहीं, आणि अंगांतील सर्व बळ एका ठिकाणीं लागतें. झोंपेच्या गुंगींत पुटपुटलेली, सर्व जगाचें कल्याण कर, एवढीच मोघम प्रार्थना आणि एपफ्रासाची प्रार्थना ह्यांत हेंच अंतर आहे. त्याच्या मनांत तीन निश्चित गांवें होतीं : कलस्सै, लौदिकीया व हियरापली.

(३) आपल्यासाठीं कोणी प्रार्थना केली?

दुसऱ्यांसाठीं प्रार्थना करण्यापूर्वीं आपण कोणाच्या प्रार्थनेचे ऋणी आहों, हें जाणणें योग्य होय. इंग्लंडांतील नॉर्थॅम्प्टनशायर परगण्याच्या बाप्तिस्त मंडळ्यांनीं १७८४ सालीं असा ठराव केला कीं, दर महिन्याच्या पहिल्या सोमवारीं सायंकाळीं एकत्र जमून प्रार्थना करावी, आणि ती केवळ आपल्या मंडळीपुरती न ठेवतां पृथ्वीवरील अत्यंत दूरच्या प्रदेशांचें स्मरण ठेवावें. हे लोक श्रीमंत नव्हते व त्यांतील बहुतेकांनीं समुद्रप्रवासही केला नव्हता. त्यांच्यांतूनच विल्यम केरी निघाला आणि १७९३ सालीं हिंदुस्थानांत आला. मराठी वाचकांनीं लक्षांत ठेवावें कीं, ह्याच केरीनें १८०५ सालीं मराठी भाषेचें व्याकरण श्रीरामपुराहून प्रसिद्ध केलें.

महिन्याच्या पहिल्या सोमवारची ही प्रार्थनासभा पुढें अमेरिकेंतही रूढ झाली. फेब्रुवारी १८१३ मध्यें गॉर्डन हॉल व सॅम्युएल नॉट हे मुंबईस उतरले व अमेरिकन मराठी मिशनचा आरंभ झाला. त्यांचीं व त्यांच्या सोबत्यांचीं पत्रें महिनोन्‌महिने गलबतांतून प्रवास करून अमेरिकेस पोंचत. तेथील मासिकांत छापलीं जात. आणि पहिल्या सोमवारच्या सभेंत वाचून दाखविलीं जात. मग प्रार्थना होई. ज्या मिशननें १८२४ सालीं मुंबईत मुलींची शाळा उघडली, त्या मिशनच्या मागें अशा अनेक खेड्यांतील सायंकाळ उभ्या होत्या.

तथापि प्रार्थनेचा ओघ पश्चिमेकडून पूर्वेकडेच वाहिला, असें मात्र कोणी समजूं नये. १८५८ सालीं पंजाबांतील लुधियाना येथें भरलेल्या मिशनच्या सभेनें सर्व जगांतील ख्रिस्ती मंडळ्यांस हांक दिली कीं, १८६० सालच्या जानेवारींत एक आठवडा सर्वांनीं मिळून प्रार्थनेंत घालवावा. ती हांक अनेक देशांत ऐकली गेली, आणि वर्षारंभींच्या प्रार्थना-सप्ताहाची प्रथा त्यांतून जगभर पसरली. म्हणजे जो देश पाश्चात्य मंडळ्यांच्या दृष्टीनें केवळ घेणारा होता, त्याच देशांतून सर्वांस प्रार्थनेचें निमंत्रण गेलें.

(४) केडगांवच्या मुली

आतां आपल्या जवळच्या दाखल्याकडे वळूं. पंडिता रमाबाई १८८३ सालीं इंग्लंडास गेल्या. वैद्यकीचें शिक्षण घ्यावें हा त्यांचा हेतु होता. परंतु ऐकूं कमी येत असल्यामुळें तो सिद्धीस गेला नाहीं. त्याच वर्षीं वाँटेज येथें त्यांचा व त्यांच्या लहान कन्येचा, मनोरमेचा, बाप्तिस्मा झाला. पुढें चेल्टनहॅम येथील स्त्रियांच्या कॉलेजांत त्या स्वतः शिकत असतांनाच संस्कृत शिकवूं लागल्या. हिंदुस्थानांत वाढलेली एक विधवा इंग्रज मुलींची शिक्षिका झाली, ही गोष्ट त्या काळीं केवढी विलक्षण होती! १८८६ सालीं त्या आनंदीबाई जोशी ह्यांच्या पदवीदान समारंभासाठीं अमेरिकेस गेल्या, आणि सुमारें अडीच वर्षें गांवोगांव व्याख्यानें देत हिंडल्या. १८८७ च्या डिसेंबरांत बोस्टन येथें त्यांच्या कार्यास दहा वर्षें साह्य करण्यासाठीं एक मंडळ स्थापन झालें.

रमाबाई परत आल्या, आणि संबंध तुटला नाहीं, हें आमच्या विषयाच्या दृष्टीनें विशेष आहे. १८८९ सालीं त्यांनीं मुंबईंत शारदा सदन उघडलें आणि त्याच वर्षीं अमेरिकेंतील लोकस्थितीवर व आपल्या प्रवासावर मराठींत ग्रंथ प्रसिद्ध केला. ज्यांच्यांत आपण राहिलों, त्यांची रीतभात, शाळा, घरें व दोषही त्यांनीं आपल्या देशबांधवांस समजावून दिले. वाँटेजच्या सिस्टर जेराल्डाइन ह्यांच्याशीं त्यांचे धर्मविषयक मतभेद तीव्र होते. तरी दोघींचा पत्रव्यवहार अनेक वर्षें चालला. ज्यांच्यासाठीं प्रार्थना करावयाची त्यांच्याशीं सर्व बाबतींत एकमत असलेंच पाहिजे, असें नाहीं, हा त्यांतील धडा.

पुढें १८९६-९७ व १९०० सालच्या दुष्काळांत रमाबाईंनीं शेंकडों मुली व स्त्रिया केडगांव येथील मुक्ति सदनांत आणल्या. त्यांच्या अन्नवस्त्रासाठीं परदेशांतील मंडळ्यांनीं दान पाठविलें. १९०२ सालीं ऑस्ट्रेलियांतील मेलबर्न शहरीं मोठी धार्मिक जागृति झाली. तिच्या आधीं तेथें घरोघर प्रार्थनामंडळें जमत असत. ही वार्ता कळल्यावर रमाबाईंनीं मनोरमाबाईंस तिकडे पाठविलें. १९०५ च्या जानेवारींत केडगांवीं रमाबाईंनीं विचारलें कीं, रोज पहाटे प्रार्थनेस कोण येईल? सुमारें ७० जणी पुढें आल्या. त्यांनीं मागावयाचें तें असें ठरलें : आपण स्वतः धरून हिंदुस्थानांतील सर्व ख्रिस्ती जनांचें खरें परिवर्तन व्हावें, आणि प्रत्येक देशांतील ख्रिस्ती लोकांवर पवित्र आत्म्याचा वर्षाव व्हावा. सहा महिन्यांत ही संख्या ५५० वर गेली आणि दिवसांतून दोन वेळां सभा होऊं लागली. त्याच वर्षीं मुक्ति सदनांत जी जागृति झाली, तिची हकीकत अनेक देशांत वाचली गेली.

आम्ही वाचकांस येथें क्षणभर थांबण्याची विनंति करतों. ह्या मुली कोण होत्या? कांहीं वर्षांपूर्वीं रस्त्यांवर भुकेनें मरावयास टेकलेल्या. त्यांच्यापाशीं पैसा नव्हता, भूगोलाचें ज्ञान थोडें, इंग्रजी बहुतेकींस येत नव्हती. तरी त्या प्रत्येक देशांतील ख्रिस्ती लोकांसाठीं प्रार्थना करीत होत्या, म्हणजे ज्यांनीं त्यांस धान्य पाठविलें त्यांच्यासाठींही. जगाच्या हिशेबांत त्या केवळ घेणाऱ्या होत्या; प्रार्थनेनें त्यांस देणाऱ्या केलें. परदेशीं शिकविण्यास जाणाऱ्या प्रत्येकानें हा दाखला मनांत बाळगावा. आपण ज्यांस शिकविलें ते आपले आश्रित नव्हेत.

(५) एका पुस्तिकेचा प्रवास

मुक्ति सदनांत मिनी एब्रम्स नांवाच्या अमेरिकन बाई काम करीत. त्यांनीं तेथील जागृतीवर एक लहान पुस्तिका लिहिली आणि १९०७ सालीं तिची एक प्रत दक्षिण अमेरिकेंतील चिली देशांत, वालपराइसो बंदरीं राहणाऱ्या आपल्या जुन्या सहाध्यायिनीस, मे लुईझ हूव्हर ह्यांस, धाडली. त्यांचे पति विलिस हूव्हर तेथील मेथॉडिस्ट मंडळीचे पाळक होते. १९०६ च्या ऑगस्टांत झालेल्या भूकंपानें त्या शहराची व त्यांच्या प्रार्थनामंदिराचीही मोडतोड झाली होती. ती पुस्तिका वाचून ते पतिपत्नी व त्यांची मंडळी प्रार्थनेस लागली, आणि १९०९ सालीं तेथें जी जागृति झाली, तिच्यांतून चिलीमधील एक मोठी मंडळी उदयास आली.

येथें ध्यानांत घेण्याची गोष्ट एवढीच कीं, केडगांव व वालपराइसो ह्यांस जोडणारा धागा दोन शाळासोबतिणींची ओळख व टपालांतील एक पुस्तिका, ह्याहून मोठा नव्हता. एब्रम्सबाईंनीं सोबतीण स्मरणांत ठेवली नसती, तर ती प्रत कोणाच्या पत्त्यावर गेली असती?

(६) पाट मोकळा ठेवणें

आपल्या अंथुर्णें परिसरांतील शेतकऱ्यास नीरा डावा कालवा ठाऊक आहे. भोरजवळ भाटघर धरणांत सांठलेलें पाणी नीरा नदीनें वीरपर्यंत येतें, आणि तेथून कालव्यानें बारामती तालुका ओलांडून आपल्या इंदापूर तालुक्यांत उतरतें. सह्याद्रींत पडलेला पाऊस अशा रीतीनें कोरड्या मुलुखांतील उंसास मिळतो. परंतु वर पाणी मुबलक असूनही चारींत गाळ व गवत असेल, तर शेवटाकडील शेत कोरडें राहतें; आणि पाळी आली असतां दारें धरण्यास कोणी उभा नसेल, तर पाणी भलतीकडे जातें. प्रार्थनेस आम्ही ही उपमा एवढ्यापुरतीच देतों : पाणी देवाचें आहे, पाट मोकळा ठेवणें हें आपलें काम. तें कसें करावें, ह्याविषयीं कांहीं सूचना खालीं देत आहों.

पहिली, नांवांची वही ठेवावी. परत आलेल्या शिक्षकानें, ज्यांस शिकविलें त्यांचीं नांवें शक्य तितक्या शुद्ध उच्चारानें लिहून द्यावींत, आणि घरीं वा वर्गांत रोज दोन-तीन नांवें घ्यावींत. नांव नीट उच्चारणें हा आदराचा पहिला भाग होय.

दुसरी, माहिती ताजी ठेवावी. नकाशावर तें गांव शोधावें. तेथें पेरणी केव्हां, परीक्षा केव्हां, थंडी किती, हें विचारावें. पौलानें तीमथ्यास पाठविलें, आम्हांस आज दूरध्वनीवर क्षणांत विचारतां येतें. साधनें इतकीं सोपीं झालीं असतां न विचारणें हा केवळ आळस होय.

तिसरी, काय मागावें तें पौलापासून शिकावें. संकट टळावें हें मागण्यांत दोष नाहीं. परंतु तेवढ्यावर थांबूं नये. विश्वासांतील उणीव भरून यावी, प्रीति वाढावी, आणि तिचा लाभ त्यांच्या अन्यधर्मी शेजाऱ्यांसही व्हावा, हेंही मागावें.

चौथी, विवेक ठेवावा. कांहीं देशांत ख्रिस्ती म्हणून ओळखलें जाणें हेंच धोक्याचें असतें. तेथील माणसांचीं नांवें व छायाचित्रें जाहीर सभेंत वा छापील पानांत येऊं देऊं नयेत. घरच्या प्रार्थनेंत उच्चारलेलें नांव देवास पुरतें.

पांचवी, त्यांच्याकडे मागावें. आपल्या येथें पाऊस लांबला, एखादें मूल आजारी पडलें, शाळेंत भांडण झालें, तर त्यांस कळवावें व प्रार्थनेची विनंति करावी. ज्या पत्रव्यवहारांत एकच बाजू नेहमीं दुःखी व दुसरी नेहमीं उदार असते, तो बंधुभाव नव्हे.

सहावी सूचना पालकांसाठीं विशेषेंकरून आहे. दूरच्यांसाठीं केलेली प्रार्थना जवळच्यांविषयींच्या वागण्यांत कसास लागते. साखर कारखान्यांच्या हंगामांत बीडकडून ऊंसतोडीस आलेलीं कुटुंबें आपल्या शिवारांत कोपीं बांधून राहतात. त्यांचीं मुलें पुष्कळदां शाळेस मुकतात. समुद्रापलीकडील मुलाचें नांव जो रोज घेतो आणि बांधावरील मुलाचें नांवही ज्यास ठाऊक नाहीं, त्याच्या पाटांत गाळ सांचला आहे, असें समजावें. उलट, ज्या घरांत दूरच्यांची खरी आठवण होते, त्या घराचें दार जवळच्यांसही लवकर उघडतें, कारण परक्याच्या जागीं आपणांस कल्पिण्याची संवय मनास लागलेली असते.

कोणी विचारील कीं, अंथुर्ण्यांतील एका मुलाच्या शब्दांनीं हजारों कोसांवर काय घडणार? ह्याचें मोजमाप आमच्यापाशीं नाहीं, आणि तें असल्याचा आव आम्ही आणीत नाहीं. परंतु एवढें निश्चित दिसतें कीं, ज्यांनीं पहिल्या सोमवारीं प्रार्थना केली त्यांच्यांतूनच जाणारे निघाले. ज्यांनीं केडगांवीं पहाटे प्रार्थना केली त्या भिकारणी राहिल्या नाहींत. आणि ज्यानें थेस्सलनीकासाठीं रात्रंदिवस प्रार्थना केली, त्यास पत्र लिहिल्यावांचून राहवलें नाहीं. प्रार्थना करणारा मनुष्य विसरत नाहीं. अल्पकाळ शिकवून आलेल्याकडून पहिली अपेक्षा हीच आहे.

अभ्यासासाठीं प्रश्न

१. थेस्सलनीकाकरांस लिहिलेलें पहिलें पत्र घरीं एका बैठकींत मोठ्यानें वाचा. पौलानें त्यांच्यासाठीं काय काय मागितलें व त्यांच्याकडे काय मागितलें, ह्याच्या दोन याद्या करा.

२. एपफ्रासाच्या प्रार्थनेस झुंज कां म्हटलें आहे?

३. १८५८ च्या लुधियाना येथील हांकेवरून व १९०५ च्या केडगांवच्या प्रार्थनेवरून घेणाऱ्या मंडळ्यांविषयीं कोणता बोध होतो?

४. आपल्या मंडळींत वा शाळेंत दूरदेशाहून येऊन कोणी थोडे दिवस शिकवून गेलें आहे काय? त्यास आज पत्र लिहा. आपली खुशाली कळवा, त्याची विचारा, आणि त्याच्यासाठीं काय मागावें, तेंही विचारा.